मर्तिकाचा खर्च आधीच देऊन ठेवावा का?

नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत जातो, कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतो. याच दिवसांत वयस्कर मंडळी धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारतात: "फादर, माझ्या मर्तिकाचे पैसे आताच चर्चमध्ये भरून ठेवू का? मुलं परदेशात आहेत. माझ्यामागे कुणाची धावपळ नको." काही जण मिस्सांचे पैसे, काही जण कबरीचे, तर काही जण शवपेटीपासून फुलांपर्यंत सगळ्याचे पैसे देऊ पाहतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे कुटुंबाविषयीची काळजी असते, तशीच कधी एकटेपणाची भीतीही असते. म्हणून आजच्या पाठात आपण तीन गोष्टी पाहू. अशी तरतूद करणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? कशाचे पैसे आधी देता येतात आणि कशाचे देता येत नाहीत? आणि पैसे ठेवायचेच असतील तर ते कसे ठेवावेत?

पवित्र शास्त्रातील उदाहरणे

मरणाची तयारी करणे म्हणजे मरण ओढवून घेणे, असा समज आपल्याकडे अजून आहे. पवित्र शास्त्रात मात्र श्रद्धावंतांनी ही तयारी उघडपणे केलेली दिसते.

सारा मरण पावली तेव्हा अब्राहाम परक्या देशात राहत होता आणि त्याच्या मालकीची तिथे वीतभरही जमीन नव्हती. एफ्रोन हित्तीने मकपेलाची गुहा त्याला फुकट देऊ केली. अब्राहामाने ती फुकट घेतली नाही. गावच्या वेशीवर, सर्वांच्या समक्ष, ४०० शेकेल चांदी तोलून देऊन त्याने ती विकत घेतली (उत्पत्ती २३). पुढे इसहाक, रिबेका, लेआ आणि याकोब यांनाही तिथेच मूठमाती मिळाली. याकोबाने मरण्याआधी आपल्या मुलांना जवळ बोलावून आपल्याला कुठे पुरायचे ते स्पष्ट सांगितले (उत्पत्ती ४९). व्यवहार चोख आणि कुटुंबाला पूर्वसूचना, हे दोन धडे आपल्याला इथे मिळतात.

तोबीताचे उदाहरण आणखी जवळचे आहे. आपला मृत्यू जवळ आला असे वाटताच त्याने मुलाला, तोबियाला, बोलावले. आपल्याला व्यवस्थित पुरावे, आईचा सांभाळ करावा आणि तीही गेल्यावर तिला आपल्याशेजारी त्याच कबरीत ठेवावे, असे त्याने सांगितले. त्याच बैठकीत मेदिया देशात एका नातलगाकडे ठेवलेल्या दहा टॅलेंट चांदीची माहितीही त्याने दिली (तोबीत ४). त्या ठेवीची लेखी खूण दोन्ही पक्षांकडे होती (तोबीत ५). लोकांच्या मृतदेहांना मूठमाती देण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारा हा माणूस पैशाच्या बाबतीत किती व्यवस्थित होता ते पाहा.

नव्या करारात अरिमथाईकर योसेफ आहे. त्याने खडकात खोदलेली नवी कबर ही त्याची स्वतःची होती (मत्तय २७). म्हणजे त्याने आपली सोय आधीच करून ठेवली होती. परंतु वेळ आली तेव्हा ती कबर त्याने आपल्या प्रभूला दिली. ख्रिस्ती माणसाने केलेली तरतूद अशीच असावी. ती करावी, पण मुठीत घट्ट धरून बसू नये.

बेथानीच्या स्त्रीलाही विसरून चालणार नाही. तिने येशूच्या मस्तकावर ओतलेल्या सुगंधी तेलाची किंमत ३०० दिनारांहून अधिक होती. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार होती, म्हणजे ही जवळजवळ वर्षभराची कमाई झाली. तिने आपल्या देहाला दफनाआधीच अभ्यंग केला, असे म्हणत प्रभूने तिची पाठराखण केली (मार्क १४). दफनासाठी आधीच केलेला खर्च प्रभूने वाया गेला असे मानले नाही, कारण त्यात प्रेम होते.

आरंभीच्या ख्रिस्तसभेची रीत

रोमन साम्राज्यात मर्तिकासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळ्या होत्या. रोमजवळच्या लानुवियम गावी सापडलेल्या, इ. स. १३६ मधील शिलालेखात अशा एका मंडळीचे नियम कोरलेले आहेत. प्रवेशासाठी १०० सेस्टर्स आणि चांगल्या द्राक्षारसाचा एक बुधला द्यायचा, मग दर महिन्याला ठरलेली वर्गणी भरायची. सभासद मेला की त्याच्या क्रियाकर्मासाठी ३०० सेस्टर्स मिळत. आजच्या विमा योजनेसारखाच हा प्रकार होता. जो भरेल त्याला मिळेल.

ख्रिस्ती लोकांचीही सामाईक पेटी होती. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने तिचे वर्णन केले आहे. महिन्यातून एकदा ज्याला इच्छा असेल आणि जमेल त्याने जमेल तेवढे टाकावे, सक्ती नाही. त्या पैशातून गोरगरिबांना जेवण आणि मूठमाती दिली जाई. म्हणजे ज्याने एक पैसाही भरला नव्हता, त्यालाही सन्मानाने कबर मिळे. मृतांना पुरणे हे दयेचे शारीरिक कृत्य आहे, असे आपण धर्मशिक्षणात शिकतो. त्या शिकवणुकीची मुळे इतकी जुनी आहेत.

पोप फ्रान्सिस यांनी काय केले?

अलीकडचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २९ जून २०२२ रोजी आपले मृत्युपत्र लिहिले. रोममधील सेंट मेरी मेजर महामंदिरात आपल्याला पुरावे, कबर जमिनीत असावी, ती साधी असावी, तिच्यावर विशेष सजावट नसावी आणि फक्त लॅटिनमधील आपले नाव कोरावे, असे त्यांनी त्यात नमूद केले. खर्चाचेही त्यांनी सांगून ठेवले होते. एका उपकारकर्त्याने दिलेली रक्कम त्या महामंदिराकडे सोपवण्याची व्यवस्था त्यांनी आधीच केली होती आणि सूचना कोणाला दिल्या आहेत तेही लिहून ठेवले होते.

२०२४ साली त्यांनी पोपच्या अंत्यविधीचा क्रमही सोपा केला. पूर्वी सायप्रस, शिसे आणि ओक अशा एकात एक तीन पेट्या असत. त्याऐवजी आतून जस्ताचे अस्तर असलेली एकच लाकडी पेटी ठरवण्यात आली. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले आणि २६ एप्रिलला त्यांच्या इच्छेप्रमाणे सर्व पार पडले. जागा ठरलेली, खर्चाची सोय झालेली, जबाबदार व्यक्तीला सूचना दिलेल्या आणि सगळे साधे. आपल्यापैकी कोणालाही हे अनुकरण करण्यासारखे आहे.

कशाचे पैसे देता येत नाहीत?

शवपेटी, शववाहिका, कबर खोदणाऱ्यांची मजुरी, फुले, कबरीवरील दगड या सर्वांना किंमत असते आणि ती कोणाला तरी द्यावीच लागते. संस्काराला मात्र किंमत नसते. रुग्णाभ्यंग, अंतिम पाथेय किंवा अंत्यविधीची मिस्सा यांचे 'पैसे भरले' असे कोणी म्हणू नये. आपण देतो ते दान असते. त्यातून धर्मगुरूंचा निर्वाह आणि चर्चचे कार्य चालते.

धर्मसभेचा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. अंत्यविधीच्या वेळी माणसामाणसांत भेदभाव होता कामा नये आणि गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवता कामा नये, असे कलम ११८१ सांगते. युरोपात एकेकाळी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दर्जाचे अंत्यविधी असत. जास्त पैसे देणाऱ्याला जास्त मेणबत्त्या आणि जास्त थाट मिळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेतील असा मानपान बंद करण्यास सांगितले. आज वेदीपुढे ठेवलेली श्रीमंताची पेटी आणि गरिबाची पेटी यांच्यासाठी एकच विधी, एकच प्रार्थना असते.

आता मिस्सांविषयी. 'माझ्यामागे शंभर मिस्सा व्हाव्यात' म्हणून एकरकमी पैसे देऊ इच्छिणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला आहे, पण काही नियम माहीत असावेत. एका वर्षात स्वतः अर्पण करता येतील त्याहून अधिक मिस्सांचे दान कोणत्याही धर्मगुरूला स्वतःसाठी स्वीकारता येत नाही (कलम ९५३). मिस्सादानात व्यापाराचा भासदेखील असू नये (कलम ९४७). दीर्घकाळ मिस्सा व्हाव्यात म्हणून कायम निधी ठेवायचा असेल, तर तो स्वीकारण्यासाठी धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते (कलम १३०४). म्हणून असा मोठा निधी कोणाच्या हातावर ठेवून मोकळे होऊ नये. आधी प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे.

आणि एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मिस्सा जिवंत माणसासाठीही अर्पण करता येते. आपल्या आत्म्यासाठी मिस्सा हवी असेल तर मरणाची वाट पाहायला नको. आजच हेतू द्यावा, पापनिवेदन करावे, मिस्साला स्वतः हजर राहून ख्रिस्तशरीर स्वीकारावे. मरणानंतरच्या शंभर मिस्सांची सोय करायची आणि हयातीत रविवारची मिस्सा चुकवायची, हा हिशेब जुळत नाही.

पैसे कुठे बुडतात?

आपल्या पुष्कळ घरांतील मुले इंग्लंड, अमेरिका, कॅनडात स्थायिक झाली आहेत. तिथे मर्तिकाचा खर्च कंपनीकडे आधीच भरण्याची पद्धत रूढ आहे. एकरकमी किंवा हप्त्यांनी पैसे भरायचे आणि वेळ आली की कंपनीने सर्व करायचे. सोय चांगली असली तरी तिच्यात धोका आहे. इंग्लंडमधील 'सेफ हँड्स' नावाची कंपनी मार्च २०२२ मध्ये कोसळली. सुमारे ४६ हजार लोकांनी तिच्याकडे पैसे भरले होते. त्यानंतर २९ जुलै २०२२ पासून तिथे अशा कंपन्यांवर सरकारमान्य वित्तीय नियंत्रकाची देखरेख सुरू झाली. अमेरिकेतही २००८ साली मिसुरी राज्यातील एक मोठी कंपनी अशीच बुडाली आणि तिच्याशी संबंधित काही जणांना २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

असे का होते ते समजून घ्या. ज्याने पैसे भरले तो माणूस हिशेब मागायला उरत नाही. भरणा आणि काम यांच्यात वीस-वीस वर्षे जातात. मुलांना अनेकदा कराराची माहितीही नसते. अशा पैशावर लबाडांचा डोळा असतो. म्हणून परदेशातील आपल्या मुलांनी वा नातलगांनी अशी योजना घेताना ती नियंत्रकाच्या यादीत आहे ना आणि पैसा स्वतंत्र विश्वस्त निधीत किंवा विम्यात राहतो ना, हे तपासावे.

आपल्याकडे अशा कंपन्यांचा प्रसार फारसा नाही, पण वेगळे धोके आहेत. कोणी ओळखीचा माणूस 'तुमची कबर पक्की करून देतो' म्हणून पैसे मागतो. मुंबई आणि वसई परिसरात जागेची टंचाई आहे. पुष्कळ दफनभूमींत काही वर्षांनी कबर पुन्हा उघडली जाते आणि अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवल्या जातात. कायमची कबर मिळते की नाही, कोणत्या नियमाने मिळते, हे फक्त चर्चच्या कार्यालयात विचारावे. पैसे दिले तर चर्चची पावती घ्यावी. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

घरच्या घरी करता येण्यासारखी तरतूद

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बँकेत वेगळे खाते. पती-पत्नी किंवा आई-मुलगी यांच्या नावे संयुक्त खाते उघडून 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' असा पर्याय निवडला, तर एकाच्या पश्चात दुसऱ्याला पैसे काढण्यास अडचण येत नाही. खाते एकट्याच्या नावावर असेल तर नॉमिनेशन केले आहे ना ते पाहावे. मृत व्यक्तीचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढणे योग्य नाही. घाईच्या वेळी तो मोह होतो, पण पुढे भावंडांत संशय निर्माण होतो.

२०२० पासून बँकेतील ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतपेढ्यांतील ठेवींना हे संरक्षण नाही. भिशीत किंवा व्याजाच्या आमिषाने कोणाच्या हाती हा पैसा ठेवू नये. मर्तिकाचा पैसा वाढला नाही तरी चालेल, बुडता कामा नये.

राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराच्या अंत्यविधीसाठी १५ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानेही मर्तिकाचा विचार केला आहे. मृताच्या मालमत्तेतून अंत्यविधीचा वाजवी खर्च इतर सर्व कर्जांच्या आधी द्यावा, असे त्याचे कलम ३२० सांगते. ज्याने खिशातून खर्च केला त्याने पावत्या जपून ठेवाव्यात. कायद्यातील 'वाजवी' हा शब्दही ध्यानात घ्यावा. बँड, फ्लेक्स, व्हिडिओ शूटिंग आणि दोनशे माणसांचे जेवण यांसाठी कर्ज काढणे वाजवी नव्हे.

चर्चला किंवा गोरगरिबांसाठी काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्र करावे. पूर्वी जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवायची असल्यास मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी करून सहा महिन्यांच्या आत सरकारदरबारी जमा करावे लागे. ती जाचक अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही केलेले साधे मृत्युपत्र पुरते. मात्र ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये. नाहीतर त्याचा वाटा बाद होतो.

'मुलांना भार नको' म्हणताना

या सर्व तरतुदींच्या मागे बहुधा एकच वाक्य असते: "मुलांना माझा भार नको." या वाक्याकडे जरा थांबून पाहू या. पैशाचा भार हलका करणे हे प्रेम आहे. पण आई-वडिलांना खांदा देणे, त्यांच्यासाठी रात्र जागून जपमाळ म्हणणे, कबरीत मूठभर माती टाकणे हा मुलांचा हक्क आहे. तो त्यांच्याकडून काढून घेऊ नये. प्रभू येशूनेही आपला देह दुसऱ्यांच्या हाती सोपवला. तो तागाच्या वस्त्रात त्यांनी गुंडाळला आणि कबरही परक्याची होती.

मुलांनाही एक विनंती. आई खर्चाचे सांगू लागली की "आई, असलं काही बोलू नकोस" म्हणून तिला गप्प करू नका. तिचे ऐका, लिहून घ्या. तिने पैसे ठेवले असतील तर ते त्याच कामी लावा. आणि तिने सगळी सोय केली म्हणून परदेशातून फोनवरच निरोप घेऊन मोकळे होऊ नका. शक्य असेल तर आजच भेटायला या. मर्तिकाला काढायचे विमानाचे तिकीट ती जिवंत असताना काढलेले बरे.

एका कागदावर लिहून ठेवा

१. मृत्यू जवळ आल्यास धर्मगुरूंना वेळेत बोलवावे, ही स्पष्ट सूचना. बेशुद्ध होईपर्यंत थांबू नये.
२. दफन की दहन. ख्रिस्तसभा दफनाची शिफारस करते. श्रद्धेविरुद्ध कारण नसेल तर दहनाला मनाई नाही. रक्षा मात्र पवित्र जागी ठेवावी, ती उधळू नये.
३. कुटुंबाची कबर असल्यास तिचा क्रमांक आणि पावती कुठे आहे.
४. खर्चासाठी ठेवलेली रक्कम, ती कुठे आहे आणि ती काढण्याचा अधिकार कोणाला आहे.
५. मिस्सातील वाचने व गीते यांबाबत इच्छा असल्यास ती.
६. काय नको तेही लिहावे. थाट नको, जाहिरात नको, हारांऐवजी गरिबांना मदत द्यावी इत्यादी.
७. बाप्तिस्मा व विवाहाच्या दाखल्यांच्या प्रती.

हा कागद कुलूपबंद पेटीत ठेवू नका. पेटी उघडेपर्यंत मर्तिक उरकलेले असते. एक प्रत मुलांपैकी एकाकडे आणि एक विश्वासातील शेजाऱ्याकडे असू द्या.

ज्यांच्यापाशी ठेवायला काहीच नाही

शेवटी, हा लेख वाचून एखाद्या वृद्ध भगिनीला वाटेल, 'माझ्यापाशी ठेवायला काहीच नाही, मग माझे काय होणार?' तिने निर्धास्त राहावे. ख्रिस्तसभेत कबर मिळण्यासाठी बँकखाते लागत नाही. बाप्तिस्म्याने आपण एका देहाचे अवयव झालो आहोत आणि तिला सन्मानाने मूठमाती देणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या तरतुदीत अशा एका व्यक्तीच्या मर्तिकाचाही वाटा ठेवावा आणि तो प्रमुख धर्मगुरूंकडे गुप्तपणे द्यावा. अरिमथाईकर योसेफाप्रमाणे आपलीही सोय दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात मरणाविषयी आणि मर्तिकाच्या खर्चाविषयी मोकळेपणी बोलले जाते का? नसल्यास का?
२. आपल्या गावातील मर्तिकात कोणता खर्च केवळ लोकलाजेस्तव होतो? तो कमी करण्यासाठी आपला समूह काय करू शकेल?
३. आपल्या समूहात एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत? रात्री-अपरात्री त्यांनी कोणाला हाक मारावी, हे आज ठरवता येईल का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी मरण पावलास आणि परक्याच्या कबरीत विसावलास. आमच्या मरणाची वेळ तुला ठाऊक आहे. आमचे व्यवहार नीटनेटके ठेवण्याची बुद्धी आणि आमच्या माणसांशी मोकळेपणी बोलण्याचे धैर्य आम्हांला दे. ज्यांच्यासाठी रडणारे कोणी नाही, त्यांना आम्ही अंतर देऊ नये. आमच्या सर्व मृतांना तुझ्या पुनरुत्थानाच्या आनंदात सहभागी कर. आमेन.